बंगालच्या उपसागरातलं पाण्याखालचं भिंग आणि डेटा असिमिलेशन : प्रकल्प नोंदी

काम थोडक्यात असं. उपग्रहांकडून येणारी समुद्राची उंची (एसएसएच) आणि पृष्ठाचं तापमान (एसएसटी) मॉडेलमध्ये घातलं (हेच डेटा असिमिलेशन) की वरचे भोवरे बऱ्यापैकी जागेवर येतात. थर्मोक्लाइनच्या (खोलीबरोबर तापमान झपाट्याने उतरतं त्या थराच्या) पोटात दडलेल्या भोवऱ्याचं, म्हणजे भिंगाचं, त्याच वेळी काय होतं, ते पाहायचं आहे. मॉडेल रॉम्स (प्रादेशिक समुद्राचं मॉडेल), असिमिलेशन फोर-डी-व्हार, म्हणजे काही दिवसांच्या ‘विंडो’तल्या सगळ्या निरीक्षणांशी जुळेल अशी सुरुवातीची अवस्था शोधायची रीत (आरबीएल प्रकार, स्ट्राँग कन्स्ट्रेंट). ज्यांना रॉम्स चालवता येतं पण असिमिलेशन पहिल्यांदाच जोडायचंय, त्यांच्यासाठी या नोंदी. सिद्धांत पुस्तकांत आहे, इथे नाही.

८ जानेवारी २०२४ : प्रसंग आणि ग्रिड

प्रसंग २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचा घेतला. ५ डिसेंबर २०१३ ला उपसागराच्या पश्चिम भागात थर्मोक्लाइनच्या आत अडकलेला भोवरा प्रत्यक्ष मोजला गेला होता. गाभा साधारण ३० ते १५० मीटर, आतलं पाणी अंदमान समुद्राच्या गुणधर्मांचं. गॉर्डन, श्रोयर आणि मूर्ती यांनी २०१७ मध्ये त्याचा उलगडा मांडला: पूर्वेकडून सरकत येणाऱ्या पृष्ठभोवऱ्यावरून २७ नोव्हेंबरला लेहर चक्रीवादळ गेलं आणि भोवऱ्याचा खालचा भाग थर्मोक्लाइनमध्ये दबला. वर घट्ट झाकण, खाली वेगळं पाणी. असिमिलेशनची परीक्षा घ्यायला याहून अवघड पेपर मिळणार नाही.

ग्रिड: ८०–१०० पूर्व, ४–२३ उत्तर, १/१२ अंश, म्हणजे २४० × २२८ बिंदू × ४० थर. टाइमस्टेप ४८० सेकंद, बॅरोट्रॉपिक ३० भाग. उभ्या थरांसाठी व्ही-ट्रान्सफॉर्म २, व्ही-स्ट्रेचिंग ४, थीटा-एस ७, थीटा-बी २, टी-क्लाइन २०० मी. हे आकडे उगाच घेतलेले नाहीत. ३००० मीटर खोलीवर यातून वरच्या १४० मीटरांत १५ थर मिळतात, त्यातले १० थर २८ ते १४० मीटरमध्ये. ग्रिड ठरवण्याआधी भिंगाच्या पट्ट्यात किती थर पडतात ते मोजाच. तिथे चार-पाचच थर असतील तर पुढचं काहीही करू नका, भिंग मॉडेलमध्ये टिकणारच नाही.

११ जानेवारी : कागदावरचा हिशेब

मशीन चालू करण्याआधी एक गणित केलं. पुढचा सगळा गोंधळ याच गणितात आहे.

भिंगाच्या वरचे समघनतेचे पृष्ठ वर उचललेले असतात, खालचे खाली ढकललेले. समजा वरच्या सीमेवर घनतेतला फरक २ किलो प्रति घनमीटर आणि उचल १५ मीटर. त्यातून समुद्राची उंची २ ÷ १०२३ × १५ मी., म्हणजे २.९ सेंमी घटते. खालच्या सीमेवर फरक २.५ आणि ढकल ३० मीटर, तिथून ७.३ सेंमी वाढते. हाती राहिले ४.४ सेंमी.

आता वर उचल नसलेला, नुसता थर्मोक्लाइन खाली ढकलणारा साधा उष्ण भोवरा घ्या. ४.४ सेंमीसाठी त्याला १८ मीटर ढकल पुरते. म्हणजे आल्टिमीटरला (समुद्राची उंची मोजणाऱ्या उपग्रहाला) १५ मीटर वर आणि ३० मीटर खाली फुगलेलं भिंग आणि नुसता १८ मीटर दबलेला थर्मोक्लाइन, दोन्ही सारखेच दिसतात. त्यात मार्गावरच्या मोजणीचा गोंगाटच २–३ सेंमी. यातलं कोणतं चित्र निवडायचं ते निरीक्षण सांगत नाही. बॅकग्राउंड एररची (मॉडेलच्या आधीच्या अंदाजातल्या चुकांची) मांडणी सांगते, आणि ती मांडणी आपण लिहिलेली असते.

१९ जानेवारी : सत्य रन आणि भिंग ओळखायची रीत

खऱ्या डेटाला हात लावण्याआधी जुळा प्रयोग. एका मॉडेल-रनला ‘सत्य’ मानायचं, त्यातून कृत्रिम निरीक्षणं काढायची, ती दुसऱ्या बिघडवलेल्या रनमध्ये घालायची आणि परत सत्याशी ताडून पाहायचं. पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाहावर रॉम्स फोर-डी-व्हारचे असे प्रयोग झालेले आहेत. आपल्याकडच्या पाण्यात हॅलोक्लाइनची (क्षारता झपाट्याने बदलणाऱ्या थराची) जास्तीची भानगड आहे.

सत्य रन १/२४ अंशावर, केपीपी मिश्रण, ईआरए-५ चे ताशी वारे, सुरुवात ग्लोरिस-१२ या जागतिक समुद्र-पुनर्विश्लेषणावरून १ सप्टेंबर २०१३. असिमिलेशनचा रन १/१२ अंशावर, जीएलएस मिश्रण, जेआरए-५५-डीओ चे तीन-तासी वारे, सुरुवात दुसऱ्या वर्षाच्या त्याच तारखेवरून. दोन्हीकडे सगळं सारखं ठेवलं तर निकाल फसवे चांगले येतात, त्यामुळे फरक मुद्दाम ठेवलेत. प्रयोगाचा काळ १५ ऑक्टोबर २०१३ पासून ८८ दिवस, चार-चार दिवसांच्या २२ विंडो.

सत्य रनमध्ये भिंग नेमक्या मोजलेल्या जागी यावं, अशी अपेक्षा नाही. झाकण असलेली, कमी स्तरणाची, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी रचना ४०–१४० मीटरच्या पट्ट्यात आली आणि काही आठवडे टिकली, तेवढं पुरे. तशी आली.

ओळख पटवायला आधी दोन समताप पृष्ठांमधली जाडी वापरली आणि नकाशे ठिगळांनी भरले. कारण उपसागरात हिवाळ्याच्या तोंडाशी बॅरिअर लेअरमध्ये (मिश्रण थराखाली क्षारतेच्या फरकाने बनणाऱ्या थरात) तापमान उलटं असतं: वर थंड, खाली गरम. एकाच उभ्या रेषेत २७ अंश दोनदा लागतो. त्याऐवजी सिग्मा (घनता वजा १०००) २२ आणि २४ या घनतांमधली जाडी घेतली, सोबत त्या थरातली क्षारता. जाडी भिंगाचा आकार सांगते, क्षारता पाणी कुठलं ते सांगते. दोन्ही लागतात, का, ते ११ एप्रिलच्या नोंदीत.

२९ जानेवारी : कृत्रिम निरीक्षणं

त्या काळातले खरे उपग्रह घेतले: जेसन-२, सरल-आल्टिका (फेब्रुवारी २०१३ मध्येच सोडलेला) आणि क्रायोसॅट-२. त्यांच्या मार्गांवर सत्य रनमधून उंची काढली आणि गोंगाट मिसळला. एसएसटीला ढगांचा मुखवटा लावला. हा मुखवटा टाळू नका. चक्रीवादळाच्या आठवड्यात इन्फ्रारेडला उपसागर दिसतच नाही. मुखवटा न लावता केलेला जुळा प्रयोग म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटणं.

पहिल्या चाचणीत मॉडेल निरीक्षणांकडे ढुंकूनही पाहत नव्हतं. कारण निघालं निरीक्षण-फाइलमधल्या ऑब्स-एररमध्ये. रॉम्सला तिथे व्हेरिअन्स लागतो, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. फाइलमध्ये प्रमाण विचलन गेलं होतं. एसएसएचसाठी बॅकग्राउंड विचलन ६ सेंमी, निरीक्षणाचं ४ सेंमी, निरीक्षण आणि मॉडेल यांतली तफावत ५ सेंमी असेल तर दुरुस्ती ३६ ÷ (३६ + १६) × ५, म्हणजे ३.५ सेंमी यायला हवी. मीटरांच्या हिशेबात ०.००१६ च्या जागी ०.०४ गेलं की तीच दुरुस्ती ०.४ सेंमी होते. रन कोसळत नाही, इशाराही येत नाही. तापमानाला तर हे लक्षातही येत नाही, कारण ०.४ आणि ०.१६ दोन्ही आकडे नजरेला योग्यच वाटतात.

आणखी एक. ऑब्स-डेप्थमध्ये खोली ऋण चिन्हाने द्यायची. धन आकडा दिला तर रॉम्स तो थराचा क्रमांक समजतो. म्हणजे ३० मीटर खोलीवरचं तापमान मुकाट्याने तिसाव्या थरावर जाऊन बसतं.

५ फेब्रुवारी : नॉर्मलायझेशन

बॅकग्राउंड एररचा सहसंबंध आजूबाजूला पसरवताना (कॉन्व्होल्यूशन) विचलनाचा आकडा बिघडू नये म्हणून नॉर्मलायझेशनचे गुणक लागतात. त्यांची अचूक रीत विसरा. प्रत्येक ग्रिडबिंदूसाठी एक कॉन्व्होल्यूशन लागतं आणि एका चलाचे बिंदू सुमारे २२ लाख. रँडमायझेशनची रीत घ्या. त्यातली सापेक्ष चूक साधारण १ भागिले √(२एन): १००० नमुन्यांना २.२ टक्के, ५००० ला १ टक्का. रीत जुळवून पाहण्याच्या काळात १०००, अंतिम रनसाठी ५०००.

आडव्या किंवा उभ्या डीकेचा (सहसंबंध किती अंतरात विरतो त्या लांबीचा) आकडा बदलला की हे गुणक नव्याने काढावे लागतात. जुने ठेवले तर रन बिनबोभाट चालतो आणि दुरुस्त्या दीडपट-दुप्पट किंवा निम्म्या येतात. फाइलच्या नावातच डीकेचे आकडे घालायची सवय लावून घेतली.

१२ फेब्रुवारी : एकाच निरीक्षणाची चाचणी

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पायरी. भिंगाच्या मधोमध, विंडोच्या सुरुवातीला फक्त एक निरीक्षण द्यायचं आणि उभा छेद काढायचा.

पहिलं निरीक्षण एसएसटीचं, तफावत उणे १ अंश. वादळानंतर असं व्हायचंच. उभा डीके आधी १०० मीटर होता, एका खोल समुद्राच्या सेटअपमधून उचललेला. बॅकग्राउंड विचलन पृष्ठावर ०.६ आणि ६० मीटरवर ०.९ अंश, निरीक्षणाचं ०.४. पृष्ठावर दुरुस्ती आली उणे ०.६९ अंश. ६० मीटरवर आली उणे ०.८७. म्हणजे पृष्ठ थंड झाल्याची बातमी ऐकून मॉडेलने पृष्ठापेक्षा भिंगालाच जास्त थंड केलं. मिश्रण थर जेमतेम १५–२० मीटर, त्याखाली गोड्या पाण्याचं झाकण, आणि दुरुस्ती दोन्ही भेदून आरपार.

गणित सरळ आहे. १०० मीटरच्या डीकेला ६० मीटरवर सहसंबंध ०.८४ उरतो, आणि खाली विचलन मोठं असल्याने गुणाकार वाढतो. डीके ३० ला सहसंबंध ०.१४, दुरुस्ती उणे ०.१४ अंश. डीके २० ला जवळपास शून्य. २० घेतला. त्याखाली जाण्यात अर्थ नाही, भिंगाच्या पट्ट्यात थरांमधलं अंतरच ११ मीटरच्या आसपास आहे. उभं कॉन्व्होल्यूशन इम्प्लिसिट ठेवा; एक्सप्लिसिटमध्ये उथळ किनाऱ्यावरच्या पातळ थरांपायी पायऱ्यांची संख्या हाताबाहेर जाते.

दुसरं निरीक्षण एसएसएचचं, तफावत अधिक ५ सेंमी. अपेक्षेप्रमाणे अख्खा स्तंभ एकाच दिशेने खाली सरकला: ४० मीटरवर गरम, १०० मीटरवर गरम, १४० मीटरवर सर्वांत गरम. भिंगाला ४० मीटरवर थंड आणि खाली गरम हवं होतं. म्हणजे उंची वाढवायला सांगितली की मॉडेल भिंगाचं झाकण दाबून त्याला साध्या उष्ण भोवऱ्याकडे नेतं. डीके कमी करून हे सुटत नाही, कारण उंचीचा संबंध बॅलन्स ऑपरेटरमधून (एका चलाच्या दुरुस्तीवरून दुसऱ्याची काढणाऱ्या भागातून) येतो, सहसंबंधाच्या लांबीतून नव्हे.

१४ फेब्रुवारी : तापमान-क्षारता बॅलन्स

त्याच चाचणीत ३० मीटरवर क्षारतेची विचित्र दुरुस्ती दिसली, म्हणून बॅलन्स ऑपरेटर उघडला. तो तापमानाच्या दुरुस्तीला स्थानिक ग्रेडियंटच्या गुणोत्तराने गुणून क्षारतेची दुरुस्ती काढतो. थर्मोक्लाइनमध्ये तापमान मीटरला ०.१ अंश आणि क्षारता मीटरला ०.००५ बदलते, गुणोत्तर ०.०५. शहाण्यासारखं वागतं. बॅरिअर लेअरमध्ये २० मीटरांत क्षारता २ ने बदलते आणि तापमान जवळपास स्थिर, समजा मीटरला ०.००५ अंश. गुणोत्तर २०. तापमानाची ०.२ अंशाची किरकोळ दुरुस्ती क्षारतेत ४ होऊन उतरते. तापमान उलटं असेल तिथे चिन्हही उलटं.

डीटीडीझेड-मिन (तापमानाच्या ग्रेडियंटची किमान मर्यादा) ०.००१ वरून ०.०२ केलं; ग्रेडियंट त्याहून कमी असेल तिथे हा संबंध वापरला जात नाही. एमएल-डेप्थही तपासली, मिश्रण थराजवळ संबंध कमकुवत करायचं काम तिचं. एलएनएम-डेप्थ (जिथे प्रवाह शून्य मानतात ती खोली) १००० मीटर ठेवली. काठावरच्या उथळ पाण्यात ती पातळी अस्तित्वातच नसते, त्यामुळे आंध्र-ओडिशाच्या शेल्फवर उंचीच्या दुरुस्त्या विक्षिप्त येतात. तिथली आल्टिमीटर निरीक्षणं २०० मीटर खोलीच्या आत सरळ गाळली.

याची किंमत मोजावी लागते. भिंगाचा वरचा काठ नेमका त्याच पट्ट्यात आहे जिथे आता क्षारतेला तापमानाचा आधार नाही. तिथे क्षारतेची निरीक्षणं हवीतच.

२० फेब्रुवारी : डिस्क

एक त्रिमितीय चल १७.५ एमबी. प्रवाहाचे दोन, तापमान, क्षारता मिळून ७०. टँजंट लिनिअर (छोट्या बदलांचं रेषीय मॉडेल) आणि काळात उलटा चालणारा अ‍ॅडजॉइंट दोघांनाही मूळ मार्गाच्या नोंदी लागतात. दोन तासांनी एक, चार दिवसांत ४९ नोंदी, ३.४ जीबी. मिश्रणाचे गुणांक धरून ६. दोन आउटर लूपचे (मूळ रन सुधारून घेतलेल्या फेऱ्यांचे) १२. २२ विंडोंचे २६४ जीबी, एका प्रयोगाचे. कोटा भरला आणि रन मध्यरात्री बंद पडला. शनिवार-रविवार त्यात गेला.

नोंदी सहा तासांवर नेल्या तर जागा वाचते, पण टँजंट लिनिअर बिघडतो. वादळाच्या विंडोत मिश्रण तासाभरात बदलतं आणि सहा तासांच्या इंटरपोलेशनला ते दिसत नाही. दोन तासच ठेवले. विंडो संपली की पहिल्या आउटर लूपच्या फाइल्स पुसणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावली.

वेळेचा अंदाज: एक इनर लूप म्हणजे एक टँजंट आणि एक अ‍ॅडजॉइंट धाव, जोडी मिळून साध्या रनच्या साधारण पाचपट. दोन आउटर, बारा इनर, म्हणजे १२० पट. चार दिवसांची विंडो ४८० दिवसांच्या साध्या रनइतका वेळ खाते. मशीन मागताना हा आकडा सांगा, नाहीतर निम्म्यात वेळ संपतो.

४ मार्च : फक्त एसएसएच आणि एसएसटी

सगळ्या विंडोंची पहिली पूर्ण माळ झाली. कॉस्ट फंक्शन (एकूण तफावतीचं माप) छान उतरलं. निरीक्षणांच्या संख्येच्या निम्म्यावर यायला हवं, त्याच्या आसपास आलं. उंचीचा नकाशा सत्याशी हुबेहूब. एवढ्यावर अहवाल लिहिला असता तर सगळे खूष झाले असते.

सिग्मा २२–२४ ची जाडी काढली तर भिंग जवळपास नाही. त्या जागी खोल मुळाचा उष्ण भोवरा. खालची ढकल आहे, वरची उचल नाही, आणि वेगाचा कमाल बिंदू ८० मीटरऐवजी पृष्ठावर. त्याहून वाईट म्हणजे असिमिलेशन न केलेल्या रनमध्ये दुसरीकडे एक फिकट भिंग होतं. असिमिलेशनने तेही मोडलं. वरच्या चुका कमी झाल्या, १०० मीटरवरच्या काही ठिकाणी वाढल्या.

२७ नोव्हेंबरच्या विंडोत आणखी एक गोष्ट दिसली. टँजंट लिनिअरमध्ये मिश्रणाचे गुणांक मूळ रनचेच गोठलेले असतात. वादळाने पाणी घुसळलं म्हणून पृष्ठ थंड झालं, हे अ‍ॅडजॉइंटला कळायला मार्गच नाही. असिमिलेशन रनमधला वारा दुबळा, म्हणून थंडावा कमी पडतो. आणि फोर-डी-व्हार तो भरून काढायला विंडोच्या सुरुवातीचं तापमानच उतरवतं. वाऱ्याची चूक समुद्राच्या खात्यावर. उपाय दोन केले: वाऱ्याचा ताण आणि उष्णतेचा प्रवाह दुरुस्तीच्या चलांत घेतले, आणि वादळाच्या वाटेवरच्या एसएसटीची एरर दोन दिवस तिप्पट केली, म्हणजे फाइलमध्ये नऊपट. दुसऱ्या उपायाचा फायदा जास्त झाला. पहिल्याने वारा सुधारतो, पण घुसळण गोठलेलीच राहते.

१८ मार्च : आर्गो

आर्गो म्हणजे खाली-वर जात तापमान आणि क्षारता मोजणारे तरंगते फ्लोट. त्यांची ठेवण सुमारे ३ अंशांना एक फ्लोट, दहा दिवसांनी एक प्रोफाइल. १५ उत्तरेला ३ अंशांचा चौकोन १ लाख ७ हजार चौ. किमी. १०० किमी त्रिज्येचं भिंग ३१ हजार. म्हणजे भिंगात फ्लोट असण्याची शक्यता ०.२९, आणि चार दिवसांच्या विंडोत तो वर येण्याची ०.१२. आठ विंडोंत एकदा. ‘आर्गो आहे की’ म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा करावा.

सत्य रनमध्ये मुद्दाम दोन मांडण्या केल्या: एकीत फ्लोट भिंगाच्या मध्यात, दुसरीत काठावर. मध्यातल्या प्रोफाइलने झाकण आणि गाभा दोन्ही परत आणले, पुढच्या दोन विंडो टिकवले. काठावरच्याने घात केला. आडवा डीके १०० किमी होता. काठावरची ‘इथे भिंग संपतं’ ही माहिती १०० किमी आत मध्यापर्यंत ०.६१ च्या वजनाने पोचली. डीके ५० ला तेच वजन ०.१४. ५० ठेवला. मोकळ्या समुद्रात त्यामुळे आर्गोचा प्रभाव बेटाबेटांत राहतो, ते चालवून घेतलं.

प्रोफाइलमध्ये दर दोन मीटरला आकडा असेल तर तसाच देऊ नका. भिंगाच्या पट्ट्यात एका थरात पाच-सहा आकडे पडतात, त्यांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात आणि मॉडेल त्यांना स्वतंत्र साक्षीदार समजतं. थराला एक सरासरी. थर्मोक्लाइनमधली एरर उपकरणावरून ठरवू नका. अंतर्गत लाटांनी १० मीटर वरखाली झालं आणि ग्रेडियंट मीटरला ०.१ अंश असेल तर १ अंशाचा फरक पडतो. खऱ्या डेटासाठी ०.८ ते १, भरती-ओहोटी नसलेल्या जुळ्या प्रयोगात ०.४.

२ एप्रिल : विंडोच्या सांध्यावरची झीज

मध्यात फ्लोट असूनही भिंग सत्यापेक्षा लवकर पातळ होत होतं. ताशी उभा वेग काढला तेव्हा दर चौथ्या दिवशी, नवी सुरुवात लागल्यावर पहिल्या काही तासांत, झाकणाच्या खोलीवर वेगाचे झटके दिसले. बॅलन्स नसलेल्या पट्ट्यात तापमानाची दुरुस्ती आली, क्षारतेची नाही, घनता बिघडली, पाणी जागा शोधत वरखाली झालं आणि मिश्रणाने काठ खाल्ला. एका वेळची झीज नगण्य, २२ सांध्यांची नाही.

विंडो आठ दिवसांची केली. सांधे निम्मे झाले, पण वादळाच्या काळात टँजंट आणि मूळ रन यांतलं अंतर इतकं वाढलं की दुसरा आउटर लूप कॉस्ट वाढवू लागला. परत चारवर. झटके कमी झाले ते वरच्या ५० मीटरांत क्षारतेचं बॅकग्राउंड विचलन नीट काढल्यावर. आधीचं विचलन ऋतुचक्रासकट काढलेलं होतं, त्यात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्याचं वार्षिक येणंजाणं मिसळून आकडा फुगला होता. ऋतुचक्र काढून टाकलं तेव्हा क्षारता उगाच ओढली जायची थांबली.

११ एप्रिल : एक्सबीटीची रेघ

गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था चेन्नई–पोर्ट ब्लेअर मार्गावर वर्षानुवर्षं जहाजांतून एक्सबीटी (खाली जाताना तापमान मोजणाऱ्या, एकदाच वापरायच्या शलाका) टाकत आली आहे. त्या धर्तीची रेघ सत्य रनमधल्या भिंगातून ओढली, अर्ध्या अंशाला एक तापमान-प्रोफाइल.

जाडी झकास सुधारली. क्षारता मात्र चुकली, कारण एक्सबीटी फक्त तापमान मोजतो. बॅलन्स ऑपरेटर आजूबाजूच्या पाण्याच्या गुणोत्तराने क्षारता भरतो, आणि भिंगातलं पाणी तर आजूबाजूचं नाहीच. आकार भिंगाचा, पाणी स्थानिक. फिरण्याचा वेगही कमी आला, कारण घनतेतला क्षारतेचा वाटा गायब. रेघेवर तीन ठिकाणी क्षारतेसकट प्रोफाइल दिली तेव्हा गाभ्यातलं पाणी ओळखीचं झालं. जहाजावर दोन-तीनच महागड्या एक्ससीटीडी (क्षारताही मोजणाऱ्या शलाका) असतील तर त्या समान अंतरावर न टाकता भिंगाच्या मध्याजवळ टाकाव्यात, असं आमचं मत आहे.

२५ एप्रिल : खरा डेटा

जुळ्या प्रयोगात न भेटलेली अडचण पहिल्याच दिवशी. उपग्रहाची उंची १९९३–२०१२ च्या सरासरीपासूनच्या फरकाने दिलेली असते, आमची मॉडेल-सरासरी काहीच वर्षांची. दोन्हींतला कायमचा फरक फोर-डी-व्हारला दर विंडोला ‘चूक’ दिसतो आणि तो थर्मोक्लाइन हलवत राहतो. ग्लोरिस-१२ ची त्याच वीस वर्षांची सरासरी घेतली. शिवाय रॉम्स बुसिनेस्क (वस्तुमान नव्हे, आकारमान राखणारं) असल्याने पाणी तापून फुगल्याची उंची त्यात येत नाही. म्हणून दर विंडोत निरीक्षण आणि मॉडेल दोन्हींतून क्षेत्राची सरासरी वजा केली.

पडताळणीसाठी ९० पूर्वेवरचे रामा प्रकल्पाचे नांगरलेले बुऑय (८, १२, १५ उत्तर) आणि एनआयओटीचे (चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे) ओम्नी बुऑय असिमिलेशनबाहेर ठेवले. ग्लोरिसवरून सुरुवात केली असेल तर त्या काळातले आर्गो त्यात आधीच गेलेले असतात, हे विसरून त्याच आर्गोंवर निकाल तपासू नका.

निकाल जुळ्या प्रयोगासारखाच: उंची छान, भिंग जिथे प्रोफाइल आहे तिथेच आणि तेवढ्यापुरतं.

९ मे : सध्याची मांडणी

उभा डीके २० मीटर, आडवा ५० किमी, विंडो चार दिवस, २ × १२ लूप, डीटीडीझेड-मिन ०.०२, वादळाच्या वाटेवरच्या एसएसटीचा व्हेरिअन्स नऊपट, २०० मीटरच्या आत आल्टिमीटर नाही. एसएसएचचा उभा साचा मात्र अजून तोच, स्तंभ एकाच दिशेने हलवणारा. तो बदलायचा तर त्या-त्या दिवसाच्या अवस्थेतून निघणारा सहसंबंध हवा, म्हणजे एन्सेम्बल (थोड्या-थोड्या फरकाने चालवलेल्या रनांचा संच). हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती केंद्राची प्रादेशिक प्रणाली रॉम्सवर एलईटीकेएफ (एन्सेम्बलवर चालणारी असिमिलेशनची रीत) वापरते ती याच वाटेने. आमच्याकडे त्यासाठी २० सदस्यांचा छोटा संच क्यूमध्ये लावला आहे, वाऱ्यात आणि मिश्रणाच्या गुणांकांत फेरफार करून. पहिली तपासणी पुन्हा एका निरीक्षणाचीच: भिंगाच्या मध्यात अधिक ५ सेंमी द्यायचे आणि ४० मीटरवरच्या तापमानाच्या दुरुस्तीचं चिन्ह पाहायचं. ते उणे आलं तरच पूर्ण माळ लावायची.